एक घर, एक पत्ता

"एक घर, एक पत्ता!" असं म्हणत काका टेबलावर बोटानं टकटक करायचे, आणि आम्ही समजायचो की आज कोणाची तरी वाट लागली.

अंधेरीतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात दुकानदारांच्या वेबसाइट बनायच्या. काका आमच्यात सगळ्यात वयस्क. तुम्हीही पाहिलं असेल, एकच पान कधी पत्त्यात तीन डब्ल्यू लावून उघडतं, कधी न लावता. कधी शेवटी तिरकी रेघ असते, कधी नसते. आपलं काही अडत नाही. काकांचं अडायचं. "अगो, आपल्याला कळतं घर एकच. सर्च इंजिनला ती चार घरं वाटतात. मग कुठल्याच घराला वजन राहत नाय," ते मला पुन्हा पुन्हा समजावायचे.

ऑफिसबाहेरही तेच. एका लग्नपत्रिकेवर त्यांचा पत्ता 'बोरिवली वेस्ट' आला आणि दुसरीवर 'बोरीवली (प.)', तर काका दोन्ही लग्नांत तक्रार करून आले. जेवून, अर्थात.

वेसाव्याची एक मावशी सुकी मासळी विकायची. आगोट जवळ आलेली, म्हणजे पावसाळ्यासाठी सुकं भरून ठेवायचे दिवस, आणि नेमकं तिचं बोंबलांचं पान शोधून कोणाला सापडेना. ती तडक ऑफिसात आली. "दादा, घरभर माल पडलाय. आगोट गेली तर काय मीच खाऊ सगळा?"

काकांनी पाहिलं, तर पान एक आणि पत्ते चार. "एक ठेवा, बाकीचे उडवा," साहेब म्हणाले.

काका उसळले. "उडवायचे नाय! जुना पत्ता घेऊन आलेला माणूस बंद दारावर डोकं आपटेल ना? बिऱ्हाड हललं अशी पाटी लावायची. आणि ती पाटी थेट घराकडे. एका पाटीवरून दुसऱ्या पाटीकडे पाठवायचं नाय. माणूस दमतो."

त्यांनी तिन्ही जुने पत्ते चौथ्याकडे वळवले. पान हळूहळू वर आलं आणि आगोट सरायच्या आत मावशीचा माल संपला. तिनं खुशीनं सुकटीचा पुडा आणून दिला. एसी ऑफिसात आठवडाभर तो वास. साहेब घरून काम करायला लागले. काका मात्र खोल श्वास घेऊन "झकास!" म्हणायचे.

मग काका निवृत्त झाले. यंदाच्या आगोटीला मावशीनं त्यांच्यासाठी पुन्हा पुडा दिला. काकांचा फोन लागेना, म्हणून मी बोरिवलीला गेले. बघते तर बिल्डिंगच नाही. रिडेव्हलपमेंटचे पत्रे ठोकलेले. मी परत फिरायला लागले.

तेवढ्यात पत्र्यावर काकांच्या वळणदार अक्षरातली पाटी दिसली. 'बिऱ्हाड हलले आहे.' खाली कांदिवलीचा पत्ता रंगानं खोडलेला आणि त्याखाली मालवणजवळच्या गावाचा.

वॉचमन म्हणाला, "बिल्डिंग पाडली तेव्हा ते कांदिवलीला भाड्यानं गेले. आता कायमचे गावाला चालले, तर जायच्या आदल्या दिवशी रंगाचा डबा घेऊन इकडे हजर."

"अहो, मग नवी पाटी कांदिवलीच्या दारावर लावायची ना?"

"मी पण तेच बोललो, मॅडम. तर बोलले, माणूस दमतो."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मालवणला सुकट पाठवणारी मी पहिलीच असेन. पण पुडा तिसऱ्या दिवशी थेट त्यांच्या दारात पोचला.