राखणीचा वाटा

ए, ऐक ना. नुसतं ऐक, मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझं सांगायचंच राहील. आपल्या सुरभीचं आहे. तिनं मला सांगितलं तसंच्या तसं सांगते.

तर सुरभी कोल्हापूरच्या त्या कॉलेजात, स्टेजच्या मागच्या खोलीत बसलीय. नवी यंत्रं करून दाखवायच्या स्पर्धेची जेवणाची सुट्टी झालीय, सुट्टीनंतर पहिला नंबर हिचा आणि हिच्या वर्गातल्या तौफिकचा. समोर टेबलावर त्यांची वाळवणपेटी. तीच गं, काचेची. गच्चीवर ठेवायची, आत पापड-कुरडया वाळत घालायच्या, आणि पावसाचा थेंब पडला किंवा कावळा जवळ आला की झाकण आपोआप बंद. वर्षभर दोघं त्या पेटीपायी जेवणखाण विसरलेत.

सगळं तोंडपाठ आहे. फक्त पहिलं वाक्य तिच्या तोंडातून निघत नाहीय. ते त्यांच्या सरांनी घातलंय. "माझी आत्या वाळवण गोळा करायला धावली आणि जिन्यावरून पडून गेली." खोटं काहीच नाही त्यात. तासगावची मालूआत्या, जिनं हिला लहानाची मोठी केली, ती गेल्या उन्हाळ्यात वळीव आला म्हणून गच्चीकडे धावली. पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि दिवाळीच्या आधी गेली. सर म्हणाले, इथूनच सुरुवात करा, परीक्षक हलतील. तौफिक म्हणतो, "खरंच आहे ना सुरभी, मग?" पण प्रत्येक तालमीत ही "माझी आत्या" म्हणते आणि तिथेच अडकते.

तौफिक चहा आणायला जातो. ही पेटीच्या काचेवर डोकं टेकते. काच कोमट आहे, उन्हात तापलेल्या फरशीसारखी.

फरशीच आहे. तासगावची गच्ची आहे. जुनं लुगडं पसरलंय, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि मोडक्या छत्रीखाली मालूआत्या मांडी घालून बसलीय. पाय अगदी धड.

"आलीस होय? सावली अडवू नको, तिकडं सरक."

सुरभी सरकते. लुगडं कुठं संपतं ते दिसत नाही. पुढं सभागृहाच्या खुर्च्यांच्या रांगा आहेत आणि एकेका खुर्चीवर एकेक कुरडई वाळत घातलीय. सगळ्यात पुढच्या तीन खुर्च्यांवर तीन कावळे. गळ्यात परीक्षकांची ओळखपत्रं.

"हे मघापासनं बसल्यात," आत्या म्हणते. "खात न्हाईत, उडत न्हाईत. नुसतं बघत्यात."

"ते मार्क देतात आत्या."

"देऊ देत की. हाड् हाड्." एक कावळा जरासा सरकून बसतो.

 सुरभी जिन्याकडे बघते. जिना खाली जातो, थेट स्टेजवर उतरतो, आणि मधल्या पायऱ्या ओल्या आहेत.

"आत्या, तू पडलीस ते सांगू का त्यांना?"

"सांग की. मला काय त्याचं?" आत्या एक कुरडई उलटवते, बोटानं दाबून बघते. "किती वेळ देत्यात तुला?"

"तीन मिनिटं."

"आणि मी हितं किती उन्हाळं बसले गं?"

"खूप."

"मग ती तीन मिनिटं माझ्या पडण्यात कशाला घालवतीयास?"

सुरभीला हसू येतं आणि रडूही येतं. आत्या तिच्याकडे बघतच नाही, तिचं लक्ष कावळ्यांवर.

"तुझी ती पेटी आली म्हंजे राखणीला कुणी बसायला नको?"

"नको. तेवढ्यासाठीच तर केलीय."

"मग राखणीचा वाटा कुणाला द्यायचा?"

आता तुला माहितीय ना, त्यांच्याकडे राखणीला जो बसेल त्याला पहिली अर्धओली कुरडई मिळायची. तिथेच खायची, गच्चीवरून खाली न्यायची नाही, असा आत्याचा नियम. सुरभीचं अख्खं लहानपण त्या कुरडयांवर गेलंय.

आत्या कडेची कुरडई मोडते, तिच्या डाव्या तळहातावर ठेवते, आणि बोटं मिटवते.

"घे. पेटी राखतीयास न्हवं? तुझाच वाटा हाय."

"सुरभी, ऊठ, नाव पुकारलं." तौफिक खांदा हलवतोय. चहा सांडलाय. दोघं पेटी उचलून पळतात.

स्टेजवर ही माईक हातात घेते आणि म्हणते, "माझ्या आत्याला कावळ्यांशी भांडायला फार आवडायचं." तौफिक गारच. सभागृह हसतं. मग ही छत्री सांगते, लुगडं सांगते, आत्याच्या शिव्यासुद्धा सांगते. म्हणते, तिचा जीव त्या वाळवणात होता, पण ऊन आता तिला सोसत नव्हतं, म्हणून ही पेटी. तौफिक पेटीवर पाणी शिंपडतो, झाकण टप्पकन लागतं. मग ही माईक ठेवते, पेटीतले बटाट्याचे वेफर काढून तिन्ही परीक्षकांपुढे धरते. "राखणीचा वाटा. आमच्याकडे बसणाऱ्याला मिळतो." त्यातल्या बाई एक उचलतात आणि खातखातच विचारतात, "ही पेटी विकत कधी मिळणार?"

पहिला नंबर आला गं.

खाली आल्यावर तौफिक म्हणाला, "तू सगळं एका हातानं केलंस. डावी मूठ उघडलीच नाहीस, इतकी घाबरलेलीस?" तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. तिनं मूठ उघडली.

आत कुरडईचा तुकडा. अजून ओलसर.

पेटीत फक्त वेफर होते. गव्हाचा चीक काढायला त्यांना वेळच झाला नव्हता, कुरडई नव्हतीच कुठं. तौफिकनं वास घेऊन बघितला आणि परत दिला. तिनं तो डबीत ठेवलाय, मला दाखवला. आत्याचा नियम तर तिथंच खायचा, खाली न्यायचा नाही. आणि खाल्ला की संपला.

तू असतीस तर काय केलं असतंस?