शेपटीच्या चाकाचा पाटा

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मी पोटावर झोपले होते आणि डोक्यावर विमानाची शेपटी होती. शेपटीखालचं छोटं चाक मी हाताने हलवून बघत होते. ते हवं त्यापेक्षा बरंच जास्त हलत होतं. दिलीप शेजारी उकिडवा बसला होता.

"हे चाक कुठलं?" मी विचारलं.

"कंपनीतल्या ट्रॉलीचं, मॅडम. भंगारात काढलेलं."

"आणि ट्रॉली किती स्पीडने पळते?"

मला टोचून बोलायची सवय आहे. चौतीस वर्षं मुंबईत विमानांच्या हँगरमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून काढली, तिथे गोड बोलून कोणी ऐकत नाही. रिटायर झाल्यावर कर्जतला राहायला आले आणि वर्षभरात दिलीपने मला शोधून काढलं. तो मोहोपाड्याच्या एका कंपनीत फिटर, घर कळंबला. किट मागवून, सुट्ट्या खर्ची घालून, सहा वर्षांत त्याने शेडमध्ये एकच माणूस बसेल असं विमान उभं केलं होतं. वेल्डिंग बघून मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. तोंडाने अर्थातच नाही.

या प्रकारच्या विमानाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीला एक छोटं चाक असतं. खडबडीत जमिनीवर ते सोयीचं पडतं, कारण पंखा जमिनीपासून उंच राहतो. पण वजन मोठ्या चाकांच्या मागे असल्यामुळे शेपूट सतत पुढे यायला बघते. मालाने भरलेली हातगाडी उलटी ढकलून बघा, म्हणजे कळेल. विमान नाकासमोर चालावं म्हणून त्या छोट्या चाकाचा आधार असतो. दिलीपचं चाक जरा वेग घेतला की थरथरायचं आणि मग विमान कुठेही वळायचं.

मी सांगितलं, हवेचं मोठं चाक मागव, पायाखालच्या पेडलने वळणारं. महिन्याभराने ते आलं. त्याचा बोल्ट जुन्यापेक्षा जाड होता. चाक ज्या लोखंडी पट्टीला लागतं, तिला आम्ही टेल स्प्रिंग म्हणतो. ट्रकच्या कमानपाट्यातला एक पाटा काढून शेपटीला लावावा तशी ती दिसते. तिच्यातलं भोक आता दोन मिलिमीटरने मोठं करायला हवं होतं.

"स्प्रिंगचं स्टील कडक असतं. चांगल्या बिटने, थंड ठेवून, सावकाश ड्रिल करून आण," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी पाटा तयार होता. भोक अगदी गोल आणि वर काळाभोर चकचकीत रंग.

"कुठे केलंस?"

"कुंभिवलीला, हायवेवर. चांगला माणूस हाय."

"रंग आधीच कशाला दिलास?"

"गंज चढंल म्हणून, मॅडम."

आमच्या कामात एक साधा नियम आहे. पार्ट आधी उघडा तपासायचा, मग रंगवायचा. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. हँगरमध्ये रंगवलेला पार्ट आणला म्हणून मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकना परत पाठवलं आहे. एकाला तर सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या दिवशी माझ्याकडे पॉलिश पेपर होता. पाच मिनिटांचं काम होतं.

तेवढ्यात दिलीपचे थोरले भाऊ बाळाराम आले. शेत त्यांच्या वाट्याचं. धावपट्टीसाठी त्यांनी दोन बांध फोडून दिले होते आणि त्यावरून गावाचं हसू झेललं होतं.

"मॅडम, आजच्या आज उरकलं तर बरं. उद्यापासून राबाला लागायचं हाय. मंग शेत दिवाळीपर्यंत गावायचं नाय."

राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजणं. त्याला थांबता येत नाही. दिलीप माझ्या तोंडाकडे बघत होता. सहा वर्षांचं काम आणि हातात एक दुपार. मी पाट्यावरून नख फिरवलं, कानाडोळा केला आणि पाना उचलला.

उडायची परवानगी अजून आली नव्हती. विमान फक्त जमिनीवर पळवायचं होतं, चालवणार दिलीप. बघायला जमलेल्या सगळ्यांना मी मागे उभं केलं. बाळारामदादा मात्र धावपट्टीच्या डावीकडच्या बांधाकडे निघाले, कारण तिथून गुरं आडवी येत.

"दादा, अजून लांब जा."

"हितनंच वळतील ती, मॅडम. आमी हाय ना."

ते थोडे मागे सरकले. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

पहिल्या दोन फेऱ्या हळू झाल्या. विमान सुतासारखं सरळ गेलं. दिलीपने मला अंगठा दाखवला आणि मला खरोखर आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते. तिसरी फेरी वेगात होती. शेपूट जमिनीवरून उचलली गेली, त्याने इंजिन कमी केलं, शेपूट खाली टेकली आणि कट्ट असा आवाज आला. चाक तुटून एकीकडे उडालं. शेपूट माती उकरत फिरली आणि विमान गर्रकन डावीकडे वळून बांधावर गेलं.

दिलीपला खरचटलंसुद्धा नाही. पंखाचं टोक बाळारामदादांच्या गुडघ्यावर बसलं होतं.

त्यांना टेंपोत घातलं तेव्हा ते शुद्धीत होते. "गुरं बांधा रं," एवढंच ते म्हणाले. कर्जतच्या दवाखान्यातून त्यांना पनवेलला हलवलं. पाय वाचला. गुडघा आता वाकत नाही आणि वाकणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून पाट्याचे तुकडे गोळा केले. तो बरोबर भोकातून तुटला होता. रंग खरवडला, तर भोकाभोवती निळसर कडं होतं. स्टील लाल होईपर्यंत तापवलं की असं कडं राहतं. मी तडक कुंभिवलीला गेले. कमानपाट्याचं गॅरेज, समोर ट्रकची रांग.

मालकाने तुकडा हातात घेऊन बघितला. "माझंच काम हाय. ड्रिल लागत नव्हता. गॅसनं लाल केला, सुंबा ठोकून भोक मारलं, पाण्यात बुडवला. रोज असंच करतो आमी."

"त्याने पाटा काचेसारखा ठिसूळ होतो, माहीत आहे?"

"ट्रकला आठ-दहा पाटे असत्यात, मॅडम. एक गेला तर बाकीचे धरतात. ह्यो कशाचा हाय ते आणणाऱ्यानं सांगितलं नाय."

दिलीपने सांगितलंच नव्हतं. विमानाचा पाटा म्हटलं तर हसतील, म्हणून ट्रॉलीचा म्हणाला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. गॅरेजवाल्याशी भांडायला म्हणून मी गेले होते. भांडण्यासारखं काही उरलं नाही.

पनवेलच्या दवाखान्यात दिलीप भिंतीला टेकून उभा होता. गॅरेजवाल्याला शिव्या देऊन झाल्या होत्या, आता स्वतःला देत होता. बाळारामदादांनी त्याला हाताने गप्प केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, लावायच्या आधी तुमी बघितला व्हता ना पाटा?"

"हो. बघितला होता."

"मंग ह्याची काय चूक? त्याला सांगा ना तुमी. कालपासनं जेवला नाय तो."

मी खुर्ची ओढून बसले.

"दादा, मी रंग बघितला. लोखंड नाही बघितलं. रंग काढून बघायला हवं होतं, ते मला माहीत होतं, आणि मी काढला नाही."

त्यांनी प्लॅस्टरवरून हात फिरवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्यामुळं घाई झाली म्हणा की," ते म्हणाले.

"नाही. घाई कोणीही करतं. तिला नाही म्हणायचं काम माझं होतं."

पोलिसांच्या जबाबातही मी हेच सांगितलं. दिलीपने विमान सुटं करून शेडमध्ये टाकलं आहे आणि तो शेडकडे फिरकत नाही. यंदाची लावणी त्याने रजा काढून केली. बाळारामदादा बांधावर खुर्ची टाकून बसले होते, पाय समोर सरळ.

शिकण्यासारखं यात फार नाही. पार्ट कुठे केला हे मी विचारलं, कसा केला हे विचारलं नाही. विचारलं असतं तर दिलीप माझ्याशी खोटं बोलला नसता, गॅसने तापवून केला हे सांगितलं असतं.