इंजिनाच्या ठोक्यावर

नोकरीसाठी डब्लिनला निघाले त्या सकाळी बाबा मला मांडवा जेट्टीपर्यंत सोडायला आले. लाँच सुरू झाली तेव्हा त्यांनी आधी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. "बरा चाललाय. जा," एवढंच म्हणाले. आमच्या थळ गावच्या कोळ्याचा निरोप असाच असतो.

थळकरांना बाबांचं गाणं ठाऊक आहे. बाहेरच्यांसाठी सांगते. माझ्या जन्माआधी बाबांनी दोन मित्रांबरोबर कोळी बोलीत एक रॉक गाणं केलं. जुनी इलेक्ट्रिक गिटार होती, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी ड्रम वाजवणारा समुद्रावर गेला. बांगडा लागला की कोण थांबतं? मग बाबांनी किनाऱ्याला बांधलेल्या होडीत टेपरेकॉर्डर नेला, इंजिन सुरू केलं आणि त्याच्या ठोक्यावर गायले. कॅसेट निघाली तेव्हा काका म्हणाले, "होडीचा आवाज आमी रोज फुकट आयकतो, कॅसेट कशाला?" बाबाही हसले. गिटार कपाटावर गेली ती तिथेच राहिली.

यंदा कुणीतरी ते गाणं एका रीलला लावलं आणि ते जगभर फिरलं. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत ब्राझीलची एक मुलगी ते गुणगुणत कॉफी करत होती. मी माझा मग धुतला आणि गुपचूप जागेवर येऊन बसले.

मग लंडनच्या एका कंपनीला गाणं नव्याने काढायचं होतं. फक्त मागची 'खरखर' पुसून खरे ड्रम घालणार होते. बाबांचा फोन आला. "इंजिन काढला तं मंग गान्यात काय रेला? मना त्यांची भाषा येत न्हाय. तू सांग त्यांना."

मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवणारी. कंपनीबरोबरच्या कॉलवर त्या दिवशी चालू केला. म्हटलं, ही खरखर नाही. बाबा या ठोक्यावर श्वास घेतात. इंजिन बंद करून एकदा ऐका. त्यांनी ऐकलं. बाबांचा तो मोकळा, रांगडा आवाज एकदम अधांतरी झाला. त्यांच्यातला एक म्हणाला, "इंजिन राहू दे."

कॉलवर बाबाही होते. नंतर म्हणाले, "तुजा येवढा मोठा आवाज पयल्यांदा आयकला. इंग्लिशमदी का व्हयना."

परवा पँट्रीत मी त्या ब्राझीलच्या मुलीला सांगितलं, हे गाणारे माझे बाबा. तिने विचारलं, मग ड्रमवर कोण? मी म्हटलं, आमची होडी.

गाण्याआधी थोडा वेळ नुसतं इंजिन वाजतं. सगळे शब्दांची वाट बघत असतात. मी तेवढ्यात घरी जाऊन येते.