फोटोखालचे नमस्कार

दादाभाऊंनी एकट्यापुरता चहा गाळला आणि दारावर थाप पडली. बायको, हिरा, गेल्यापासून निरगुडसरच्या या घराचं दार सकाळी कुणी वाजवत नसे. बाहेर वारूळवाडीची उज्ज्वला उभी होती. विमानं बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची ओळख. समोरासमोर मात्र पहिल्यांदाच.

"काका, मी हर्क्युलस म्हणून फोटो टाकला, त्याला चाराऐवजी पंखे दोनच होते की! चूक तुम्ही मला एकटीला कळवलीत. ग्रुपवर का नाही लिहिलं?"

"पोरी, आमी मेंढरांमागं वाढलेली माणसं. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात शिरलं, तर चारचौघांत बोंब मारायची न्हाई. गड्याला बाजूला घ्यायचं, म्हणायचं, 'राव, तुमचं एक इकडं आलंय, बघता का?' माणसाचा मान ऱ्हातो."

उज्ज्वला हसली. मग बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही परवा मिराज म्हणून टाकलंत, तेसुद्धा तेजस होतं, काका. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं."

"मग कुनीच कसं बोललं न्हाई?"

"तुम्ही वडीलधारे. तुम्हाला कोण सांगणार?"

दादाभाऊंनी दुसरा कप काढला आणि आपलाच चहा दोघांत वाटला. परवाच्या त्या फोटोखाली किती जणांनी हात जोडले होते! बघून त्यांना केवढं बरं वाटलं होतं. ते हात मानाचेच होते, पण लांबूनच जोडलेले.

"पोरी, एवढं एक कर," ते म्हणाले. "माझं चुकलं, की मलाबी बाजूला घेऊन सांगत जा."