उस्मानभाईंच्या भट्टीपुढचं बाकडं

किस्से जमायला माणसांना एका जागी बसवून ठेवावं लागतं. महाडला आमच्या गल्लीत ते काम उस्मानभाईंच्या बेकरीनं केलं. सत्तर-ऐंशीच्या काळात विकतचं बिस्किट म्हणजे आजाऱ्याचं खाणं. नानकटाई हवी तर घरचा मैदा, साखर, तूप डब्यातून न्यायचं. सकाळचे पाव निघाले की दुपारच्या धगीवर उस्मानभाई भाजणावळ घेऊन ती करून द्यायचे. डबा ठेवून खुशाल घरी जाता आलं असतं, पण कोणी जात नसे. आपलं तूप आपल्याच नानकटाईत जातंय ना, हे बघत सगळ्या बायका भट्टीपुढच्या बाकड्यावर बसून राहायच्या. मी शाळेत शिकवायचे. सुट्टीत मीही बसायचे.

\*

सगळ्यात पक्का पहारा समोरच्या पेठेवहिनींचा. एका दिवाळीला त्यांनी आयडिया केली. ट्रे बदलला तर कळावं म्हणून प्रत्येक नानकटाईवर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला.

नानकटाई भट्टीत फुलली, पसरली आणि ठसे गेले. बाहेर आलेल्या ट्रेंपुढे उभं राहून वहिनींनी विचारलं, "ह्यातला माझा कुठला?"

उस्मानभाई मानेवरचा घाम पुसत म्हणाले, "जो तुम्हाला दुसऱ्याचा वाटतोय ना, तो तुमचा."

\*

संशय एकतर्फी नव्हता. कचेरीतल्या एका साहेबांच्या मिसेस पितळी डबा घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या माहेरच्या म्हशीचं वर्णन करायला लागल्या. दुकानातलं तूप म्हणे त्यांच्या घरात कुणाला पचतच नाही.

उस्मानभाईंनी झाकण उघडलं. वनस्पती तुपाचा वास बाकड्यापर्यंत आला. आम्ही सगळ्या भट्टीकडे बघत बसलो.

झाकण परत लावून उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "म्हशीला माझा सलाम सांगा."

पुढं त्या बाई नानकटाईसाठी एसटीनं पोलादपूरला जायला लागल्या.

\*

ईदच्या आधी उस्मानभाईंच्या बायको स्वतःचा डबा घेऊन आल्या आणि चक्क आमच्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

"भाभी, तुम्ही पण? घरचीच बेकरी ना?"

"म्हणून तर बसले," त्या म्हणाल्या. "त्यांना माझ्यापेक्षा कोण जास्त वळखतो?"

\*

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला बाळू मुंबईत बेकरीत कामाला होता. शिमग्याला गावी येताना तो केकचा पत्र्याचा साचा घेऊन आला. उस्मानभाईंची भट्टी मागून त्यानं केक केला, सुरीनं चौकोनी तुकडे पाडले आणि बाजाराला आलेल्या आईपुढे धरले. आई माळकरी. तिनं आधी तुकड्याचा वास घेतला.

"अंडं हाय का रे ह्यात?"

"नाय गो आये. गॅरंटी."

म्हातारीनं एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा पदराला बांधला. मग लेकाकडे नीट बघत म्हणाली, "ह्यात अंडं न घालणारी कोंबडी कुठं मिळते रे? एक घेऊन ये. पाळीन म्हणते."

\*

शेवटचा माझ्या सासूबाईंचा.

आम्ही बौद्ध. सासूबाई महाडजवळच्या नाते गावी राहायच्या. मार्चमध्ये चवदार तळ्यावर बाहेरगावाहून माणसं येत, त्यातली काही आमच्याकडे उतरत. त्यांच्यासाठी नानकटाई करायची म्हणून एका वर्षी सासूबाई मोठे डबे घेऊन आल्या आणि मी त्यांना बेकरीत नेलं. बाकड्यावर पेठेवहिनी होत्या.

वहिनी माझ्याशी नेहमी गोड बोलत. मी बाकड्याच्या एका टोकाला बसे, त्या दुसऱ्या टोकाला, आणि मधली जागा रिकामी राही. ती गर्दी नसल्यामुळे, असं मी धरून चालले होते.

वहिनी उस्मानभाईंना हळूच म्हणाल्या, "आमचं आधी लावा हं. ह्यांच्यानंतर नको."

हळूच, पण सासूबाईंना ऐकू गेलं.

"नंबर ह्यांचा हाय," उस्मानभाई म्हणाले. "थांबायचं तर थांबा."

वहिनींकडे दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. त्या थांबल्या.

आमची नानकटाई निघाली. सासूबाईंनी तिथं असलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली, वहिनींच्याही. वहिनी हसून म्हणाल्या, "छान झालीय. घरी नेऊन खाते."

आपल्या हातचं असं घरी नेलेलं पुढच्या वळणावर गटारात पडलेलं सासूबाईंनी पाहिलेलं होतं. त्या मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसल्या.

"इथंच खा, बाय. मला घाई नाय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं. उस्मानभाई भट्टीत काहीतरी शोधत राहिले. शेवटी वहिनींनी ती अख्खी नानकटाई एकदम तोंडात टाकली. कोरडी आणि गरम. तिचा भुगा घशात गेला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोलता येईना.

सासूबाईंनी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण उघडलं. वहिनींनी खोकत खोकत ओंजळ पुढे केली.

सासूबाईंनी पाणी ओतलं नाही.

"ओंजळ आमची करून झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही तांब्या घ्या."