वाळकाचं बी आणि मेघनाची भट्टी

आमच्या संस्थेतल्या कलेनं शेतीला जाळलं, तेव्हा सरपण मी पुरवलं होतं.

संस्था म्हणजे तरी काय? मी, माझा नवरा विलास आणि कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या घरामागचा गोठा. म्हशीला बाहेर चिंचेखाली बांधलं, गोठा सारवून घेतला आणि एकाच छपराखाली दोन कामं सुरू केली. शहरातल्या कलाकारांनी गावात येऊन काम करावं, हे एक; आणि शेतकऱ्यांनी जुनं गावठी बियाणं जपावं, हे दुसरं. (दोन्हींतून मिळकत नाही, एवढंच काय ते साम्य.) मी साताऱ्याची, शहरात वाढलेली, त्यामुळे शेतीवर भाषण करायला माझ्याइतकं लायक घरात दुसरं कोणी नव्हतं.

भाषण ठरलेलं असायचं. आपल्या आज्या वेलाचं बी शेणात कालवायच्या, त्याच्या थापट्या भिंतीवर लावायच्या, शेण वाळलं की किडा लागत नाही, आणि पेरणीला थापटी फोडली की बी हातात! इथं टाळ्या पडायच्या. माझ्या सासूबाई मागे बसून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "सांगती झ्याक." मी ती शाबासकी समजले.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून मेघना आली. ती मातीची भांडी घडवते. गावची माती घ्यायची आणि गावच्याच शेणींवर भाजायची, अशी तिची कल्पना होती. सासूबाई तेव्हा लेकीकडे शिराळ्याला गेल्या होत्या. भट्टी पेटली, झकास चालली, आणि निम्म्यातच शेणी संपल्या.

"ताई, आच उतरली तर सगळं तडकेल," मेघना रडकुंडीला आली.

"शेजारी मागून आणतो," विलास म्हणाला.

"शेजारी कशाला? मागच्या भिंतीवर आहेत की," मी म्हणाले, आणि पदर खोचला.

खुरप्यानं सगळ्या शेणी उचकटल्या, पाटी भरून आणल्या आणि जाळात टाकल्या. आतून तडतड आवाज येऊ लागला.

"काय तडतडतंय?" मेघनानं विचारलं.

"शेण कच्चं असेल," मी जाणकारासारखं सांगितलं. भांडी सुरेख भाजली. आम्ही राखेपुढे उभं राहून हसतमुखानं फोटोही काढले.

सासूबाई परत आल्या, हातपाय धुतले आणि मागच्या अंगाला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले.

"भिताडावरच्या शेण्या कुठं गेल्या गं?"

"भट्टीला घातल्या, आई. कमी पडल्या होत्या."

"समद्या?"

"सगळ्या."

त्या तिथंच दगडावर बसल्या. "त्यात वाळकाचं बी हुतं," एवढंच म्हणाल्या.

वाळूक म्हणजे काकडीचीच गावठी बहीण. फुगीर, जरा आंबूस. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पण हे बी सासूबाईंच्या आईनं त्यांच्या लग्नात ओटीत घातलं होतं. दरसाल बाजरीत लावायचं, दरसाल बी धरायचं, असं ते इथवर आलं होतं. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी नुसत्या म्हणाल्या, "आईचं तेवढंच ऱ्हायलं हुतं माज्यापाशी." मला इतकं रडू आलं, की चूल फुंकण्याचं निमित्तसुद्धा करता येईना, कारण आमच्याकडे गॅस आहे.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, कुणाकडे वाळकाचं गावठी बी आहे का? पहिलं उत्तर आलं, "मॅडम, बी जपा म्हणून तुमीच सांगत हुता न्हवं?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. एकानं काकडीच्या हायब्रीड पाकिटाचा फोटो पाठवला. विलास सासूबाईंच्या माहेरी जाऊन आला. तिथं आता द्राक्षबाग. मामा त्याला म्हणाले, "वाळूक कुठलं आता? बागंत गवताची काडी ठेवत न्हाई आमी." मृग तोंडावर आला होता आणि गावात एकच घर विचारायचं राहिलं होतं.

ते घर समोरचंच, जैनबचाचीचं. सासूबाईंनी पूर्वी स्वतःच्या हातानं तिला ते बी दिलं होतं. मग एके वर्षी चाचीच्या शेळीनं आमचे वाळकाचे एक सोडून सगळे वेल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खाल्ले, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर अंगण झाडायच्या, पण धूळसुद्धा आपापल्या हद्दीत ठेवायच्या. मी एकटीच गुपचूप गेले.

"हाय माज्याकडं. दरसाल लावतीया," चाची म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. "पर तुला न्हाई देणार."

"का हो, चाची?"

"ज्याचं बी हाय, त्येनं मागाय यावं."

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी चहा घेतला, कप विसळला, डोईवरचा पदर सारखा केला आणि निघाल्या. मी दारातून बघत राहिले. काय होईल याची मला खरोखर भीती वाटत होती. त्यांना रिकाम्या हातानं परत येताना बघणं मला झेपलं नसतं.

उंबऱ्याशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. चाची बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, बोलायचं कुणी?

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जैनब, तुज्या शेरडानं येल खाल्लं, माज्या सुनंनं बीच जाळलं. झाली फिटंफाट."

चाचीनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, मला लांबून कळलं नाही. मग हात धरून तिनं त्यांना आत नेलं. दिवस मावळायला आला तरी माझ्या सासूबाई परत येईनात. आल्या तेव्हा ओच्यात बी होतं, आणि तोंडात चाचीकडे वर्षानुवर्षं साठलेल्या गावच्या बातम्या होत्या.

त्या साली वाळकं लय आली. पुढल्या पेरणीसाठी दोघींनी मिळून बी धरलं, शेणात कालवलं, आणि दोन्ही घरच्या थापट्या जैनबचाचीच्या भिंतीवर लावल्या. मी पाणी द्यायला जवळ उभी होते.

"आई, आपली भिंत रिकामीच आहे की," मी म्हणाले.

सासूबाईंनी हात न थांबवता सांगितलं, "हाय की. पर तिच्यामागं संस्था हाय."