चेतन सरांनी बदललेली नावं

चार प्रोग्रामर एका खोलीत बसवले की किस्से साचतातच. झाडून काढायला कुणी येत नाही. आमची खोली उल्हासनगरला, फर्निचर बाजाराच्या वरच्या मजल्यावर. निम्मे किस्से अंबरनाथच्या प्रज्ञाचे. ती नवीन, नोकरी अजून कच्ची. पक्की करणारी सही टीम लीड चेतन सरांची, आणि सरांना दुसऱ्यांनी ठेवलेली नावं बदलायची भारी हौस!

*

जावा या प्रोग्रामिंग भाषेतली माहिती जेसन या मजकुराच्या साच्यात घालून बाहेरच्या ॲपला पाठवली की प्रत्येक गोष्टीला लेबल लागतं. ते लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, स्वतःच ठरवते, माहिती देणाऱ्या मेथडच्या, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, नावावरून. मेथड ‘इजरेडी’ असेल तर बाहेर नुसतं ‘रेडी’.

सरांना हे ठाऊक नव्हतं. "प्रज्ञा, यातला ‘इज’ खाल्लास काय?"

"सर, मी सकाळपासून फक्त वडापाव खाल्लाय. ‘इज’ लायब्ररीने खाल्ला!"

*

खालचे सिंधी शेठ गाळे भाड्याने देतात. त्यांच्या ॲपसाठी प्रज्ञाने कोडमध्ये सरळ ‘गाळा’ लिहिलं होतं.

सर म्हणाले, "घाटी वाटतं गं. ‘शॉपयुनिट’ कर."

केलं. मेथडचं नाव बदललं तसं बाहेरचं लेबलही बदललं. ॲप बिचारं ‘गाळा’च शोधत बसलं.

शेठचा फोन आला, "अरे बाबा, मेरे गाले किधर गये? कल तक तो थे!"

प्रज्ञाने मेथडच्या डोक्यावर एक ओळ टाकली: आत काहीही म्हणा, बाहेर जाताना नाव ‘गाळा’च. सरांना कोडमध्ये शॉपयुनिट दिसलं, शेठना त्यांचे गाळे. मला तर जाम आनंद झाला. ‘घाटी’ म्हणणाऱ्याला असंच पाहिजे!

*

मग अमेरिकेतल्या क्लायंटला डेमो द्यायचा होता. काम सगळं प्रज्ञाचं. सर आदल्या दिवशीच म्हणाले, "तुझं नाव त्यांना जमणार नाही. उद्यापासून तू पेगी."

"आजोबांनी ठेवलंय, सर."

"आजोबा सही करणार आहेत का?"

कॉल लागला. सर हसून म्हणाले, "मीट पेगी!"

"हाय, पेगी!" तिकडून क्लायंट म्हणाला.

सरांनी माइक बंद केला. "अगं बोल! पक्कं व्हायचंय ना?"

तिने माइक चालू केला आणि इंग्रजीत म्हणाली, "पेगी इथे कुणी नाही. मी प्रज्ञा."

"प्रा... प्राग... सॉरी, पुन्हा सांगता?"

तिने सावकाश सांगितलं. क्लायंट पुन्हा अडखळला. सर घाईघाईने मध्ये पडले, "नो प्रॉब्लेम, पेगी इज फाइन!"

प्रज्ञा म्हणाली, "सर, थांबा ना जरा. शिकतायत ते."